चेन उतरवून बेल्ट चढवण्याआधी

स्नोमोबाइलवाल्यांचा खरेदीचा मोसम बर्फ पडण्याच्या बराच आधी सुरू होतो. अल्बर्टात किंवा मिनेसोटात सप्टेंबर लागला की गराजमधल्या स्लेडवरचं आच्छादन निघतं आणि या वर्षी काय काय बदलायचं याचे बेत रंगू लागतात. गेली काही वर्षं या बेतांत एक वस्तू हमखास असते. चेन काढून तिच्या जागी दातेरी पट्टा बसवणारं बेल्ट ड्राइव्ह किट. उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या आणि हिवाळा घरात बसून न काढणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो: किट घ्यायचं की नाही आणि घ्यायचं तर कोणतं, हे जाहिरातीतल्या वजनाच्या आकड्यावरून ठरवू नका. तुमच्या स्लेडची बेअरिंग, ब्रेकची जागा आणि गिअरिंग या तीन गोष्टी आधी बघा. निर्णय बहुतेक तिथेच होतो.

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ दोन बेल्टचा असतो. स्नोमोबाइलच्या डाव्या बाजूला, दोन क्लचच्या मध्ये जो रुंद, तिरप्या कडांचा रबरी बेल्ट फिरतो, तो जवळपास प्रत्येक स्लेडमध्ये असतो. तो घर्षणावर चालतो, क्लचच्या तबकड्या जवळ-लांब होतात तसा वर-खाली सरकतो आणि गिअर बदलण्याचं काम आपोआप करतो. आपला विषय तो नाही. त्या क्लचमधून निघालेली ताकद जॅकशाफ्टमार्गे उजव्या बाजूला जाते. तिथे तेलाने भरलेल्या बंद पेटीत, म्हणजे चेनकेसमध्ये, वरच्या लहान स्प्रॉकेटपासून खालच्या मोठ्या स्प्रॉकेटपर्यंत चेन असते. खालचं स्प्रॉकेट ज्या शाफ्टवर बसतं तो ड्राइव्हशाफ्ट ट्रॅक फिरवतो. बेल्ट ड्राइव्ह किट या चेनची, दोन्ही स्प्रॉकेटची आणि तेलाची जागा घेतं. दुकानात नुसतं ‘ड्राइव्ह बेल्ट’ म्हणालात, तर काउंटरवरचा माणूस डाव्या बाजूचा बेल्ट काढून देईल.

ही कल्पना बाहेरच्या किटवाल्यांपुरती राहिलेली नाही. पोलारिसने २०१३ च्या प्रो-आरएमके ८०० या डोंगरी स्लेडवर कारखान्यातूनच ‘क्विकड्राइव्ह’ नावाने बेल्ट दिला. त्यामुळे ‘पट्टा टिकणार तरी कसा’ ही शंका बरीच मागे पडली. बाहेरच्या किटमध्ये सीथ्री पॉवरस्पोर्ट्स आणि टीकेआय ही नावं डोंगरात जाणाऱ्यांच्या तोंडी जास्त असतात. पण कारखान्याने बेल्ट धरून आखलेली चेसिस वेगळी आणि चेनसाठी आखलेल्या चेसिसमध्ये नंतर घुसवलेला बेल्ट वेगळा. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

फायदा खरोखर किती होतो? चेनकेसमध्ये पाव लिटरच्या आसपास तेल असतं. उणे २५ अंशांत सकाळी ते काकवीसारखं घट्ट असतं आणि चेनला त्यातून वाट काढावी लागते. बेल्टला तेल लागत नाही. तेलगळती नाही, मोसमाच्या शेवटी तेल बदलणं नाही, चेनचा ताण सैल-घट्ट करत बसणं नाही. ट्रॅक हाताने फिरवून पाहिला तर फरक जाणवतो. काही किलो वजनही उतरतं. मात्र त्या वजनाबद्दल थोडं सावध राहा. खोल बर्फासाठीचा १६३ इंची, ३ इंच उंच पात्यांचा ट्रॅकच वीस किलोंहून जड असतो आणि तो सबंध फिरत असतो. त्यापुढे पुलीमधून कमी झालेलं वजन प्रवेगात फार दिसत नाही. फिरत्या चाकात वजन मध्यापासून जितकं दूर, तितका त्याचा भार जास्त. म्हणून किटची जाहिरात वाचताना वजन पुलीच्या कडेतून कमी केलंय की पेटी आणि तेल गेल्यामुळे कमी झालंय, हे विचारा. दोन्ही चालेल. पण पहिल्या प्रकाराने स्लेड थोडी चपळ होते आणि दुसऱ्याने ती उचलायला थोडी हलकी होते. झाडांच्या मध्ये कंबरभर बर्फात रुतलेली स्लेड ज्याने एकट्याने ओढून काढली आहे, त्याला दुसरा फायदाही कमी वाटणार नाही.

आता त्या पट्ट्यावर किती जोर येतो ते पाहू, कारण किटची पारख इथूनच सुरू होते. १६५ अश्वशक्तीचं ८५० सीसी टू-स्ट्रोक इंजिन साधारण ७,९०० आरपीएमला धरलं, तर क्रँकवर सुमारे १५० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. क्लच खालच्या रेशोत असताना जॅकशाफ्टवर तो अडीच-तीन पट होतो; ४०० धरू. वरच्या पुलीची त्रिज्या ५० मिलिमीटर असेल तर पट्ट्यावरची ओढ ८,००० न्यूटन, म्हणजे ८०० किलोंच्या वजनाइतकी. तीच पुली ४० मिलिमीटर त्रिज्येची घेतली की ओढ १०,००० न्यूटनवर जाते. आणि हा हिशेब गुळगुळीत बर्फावरचा झाला. उडी मारून खाली आपटताना ट्रॅक क्षणभर अडतो, इंजिन ओढतच असतं आणि तो धक्का सरळ पट्ट्याच्या दातांवर येतो. टर्बो बसवलेला असेल तर सगळेच आकडे वर सरकवा.

म्हणूनच वरच्या पुलीचा आकार हा किटमधला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, असं माझं मत आहे. लहान पुलीवर पट्टा जास्त वाकतो, ओढ वाढते आणि एका वेळी कमी दात पकडीत असतात. दातेरी पट्ट्याची पूर्ण क्षमता मिळायची तर निदान सहा दात पुलीत रुतलेले असावे लागतात. खालची पुली हवी तेवढी मोठी करता येत नाही, कारण चेसिसमध्ये तेवढी जागाच नसते. मग जास्त रिडक्शन हवं असेल तर किटवाल्याकडे वरची पुली बारीक करण्याचा एकच मार्ग उरतो. लांब ट्रॅक, उंच पाती आणि टर्बो असं सगळं एकत्र असणाऱ्याला नेमकं तेच रिडक्शन लागतं. अशा स्लेडसाठी किट घेताना विक्रेत्याला सरळ विचारा, ‘या रेशोला वरच्या पुलीवर किती दात पकडीत असतात, आणि हे किट किती अश्वशक्तीपर्यंत चालतं?’ उत्तर गोलमोल आलं तर पुढच्या किटकडे वळा.

रेशोचा हिशेब सोपा आहे, पण तो करूनच ऑर्डर द्या. तुमच्या चेनकेसमध्ये वर २१ आणि खाली ४९ दातांचं स्प्रॉकेट असेल, तर रेशो ४९ भागिले २१, म्हणजे २.३३. किटमध्ये वर २८ आणि खाली ६५ दात असतील तर २.३२, म्हणजे जवळपास तेच. पण वर ३० आणि खाली ६३ असेल तर २.१. एवढ्या फरकाने स्लेडची वरची गती वाढेल, पण उंच चढावर क्लच तापू लागेल आणि डावा बेल्ट लवकर जळेल. मग क्लचची वजनं बदला, स्प्रिंगा बदला, असं ते लांबतच जातं. चेनमध्ये स्प्रॉकेट बदलताना एक-दोन कड्यांनी लांबी कमी-जास्त करून आणि टेन्शनर सरकवून निभावता येतं. पट्टा अखंड असतो आणि ठरावीक लांबीतच येतो. पुलीचे दात बदलले की बहुधा पट्टाही वेगळा लागतो. त्यामुळे किट निवडताना आज हवा तो रेशो मिळतो का, एवढंच पाहून थांबू नका. ट्रॅक बदलला तर उद्या लागणारा रेशो त्याच किटमध्ये मिळतो का, तेही पाहा.

रिव्हर्सचा मुद्दा एका परिच्छेदात संपतो, पण तो चुकला तर सगळे पैसे वाया. आजच्या बहुतेक टू-स्ट्रोक स्लेडमध्ये रिव्हर्स इलेक्ट्रॉनिक असतो: इंजिनच क्षणभर मंदावून उलट्या दिशेने फिरू लागतं. तिथे बेल्ट चालतो. मात्र मागे जाताना पट्ट्याची सैल बाजू ताणाखाली येते, म्हणून ताण कमी असेल तर दात उडी मारतो तो नेमका मागे घेताना. फोर-स्ट्रोक स्लेडमध्ये रिव्हर्सचे गिअर बहुधा चेनकेसमध्येच बसवलेले असतात. चेनकेस काढली की रिव्हर्स गेला. असं वाहन तुमच्याकडे असेल तर हा विषय इथेच सोडा.

ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो तो बेअरिंगचा. चेनकेसमधलं तेल फक्त चेनला मिळतं असं आपण धरून चालतो. त्याच तेलाच्या शिंतोड्यांवर जॅकशाफ्टचं आणि ड्राइव्हशाफ्टचं उजव्या बाजूचं बेअरिंगही अनेक स्लेडमध्ये जगत असतं. किट बसवताना तेल गेलं की ते बेअरिंग कोरडं पडतं. जुनं, एका बाजूने उघडं बेअरिंग तसंच ठेवून वर चकचकीत पुली चढवली, तर पुली शेवटपर्यंत नवी दिसेल आणि बेअरिंग मोसम संपायच्या आत घरघरू लागेल. चांगल्या किटमध्ये दोन्ही बाजूंनी बंद, ग्रीस भरलेली बेअरिंग आणि नवे सील येतात, किंवा निदान कोणत्या क्रमांकाचं बेअरिंग घालायचं ते बसवण्याच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं असतं. खालच्या बेअरिंगकडे विशेष लक्ष द्या. ड्राइव्हशाफ्ट बर्फाच्या आणि वितळलेल्या पाण्याच्या अगदी शेजारी असतो. तिथला सील कठीण झालेला असेल तर बेअरिंगच्या कडेला तांबूस, ग्रीस मिसळलेला चिखल दिसतो. बोटाने पुसून दोन बोटांत चोळला तर खरखरतो. असं काही दिसलं तर किट बाजूला ठेवा आणि आधी शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरच्या खाचा, झिजलीय का ते बघा. झिजलेल्या स्प्लाइनवर नवी पुली बसवू नका, ती डुलत राहील.

ब्रेकचा प्रश्न जिवाशी येतो. ब्रेकची डिस्क जॅकशाफ्टवर आहे की ड्राइव्हशाफ्टवर, हे प्रत्येक मॉडेलमध्ये स्वतः वाकून बघा. जॅकशाफ्टवर असेल तर ब्रेकची पकड ट्रॅकपर्यंत पट्ट्यातूनच पोचते. उतारावर पट्टा तुटला तर ओढही गेली आणि ब्रेकही गेला. चेन तुटली तरी हेच होतं, हे खरं. पण चेन तुटायच्या आधी बराच काळ आवाज करते. पट्ट्यात खडा शिरला तर तो तसा इशारा न देता जाऊ शकतो. अशा स्लेडवर बेल्ट बसवूच नये असं मी म्हणत नाही. मात्र त्या स्लेडवर स्वस्तातला, नाव-गाव नसलेला पट्टा घालू नका. आणि उंच उतार चालवण्याच्या दिवशी सकाळी कव्हर उघडून पट्टा पाहिल्याशिवाय निघू नका.

पट्ट्याच्या बनावटीकडे येऊ. या कामाचे चांगले पट्टे पॉलियुरेथेनचे असतात. त्यांच्या आत ताण सोसणारे धागे कार्बन तंतूंचे किंवा अरामिडचे असतात आणि दातांवर नायलॉनचं कापड असतं. गेट्स कंपनीच्या पॉली चेन कार्बन जातीच्या पट्ट्यांना उणे ५४ ते ८५ अंश सेल्सियसपर्यंत चालवायची मुभा आहे. म्हणजे थंडीची काळजी नाही, उष्णतेची आहे. अनेक टू-स्ट्रोक स्लेडमध्ये सायलेन्सर उजव्याच बाजूला असतो. किटचं कव्हर आणि सायलेन्सर यांच्यात उष्णता अडवणारा पत्रा किंवा कापड आहे का, ते पाहा. आणि कार्बनचा धागा ओढीला जितका बळकट, तितकाच मुडपण्याला कच्चा असतो. दुकानदाराने घडी घालून, वायरने बांधून दिलेला पट्टा परत करा. सुटा पट्टा सॅकमध्ये नेताना मोठं वेटोळं ठेवा. मुडपलेला पट्टा बाहेरून धडधाकट दिसतो आणि नंतर त्याच जागी तुटतो.

किटचे ढोबळ दोन प्रकार मिळतात. एकात जुनी चेनकेस तशीच राहते, आतलं तेल काढून ती कोरडी पेटी होते आणि आत पुल्या बसतात. दुसऱ्यात सबंध चेनकेस निघते आणि तिच्या जागी यंत्रावर कापलेली अॅल्युमिनिअमची पाठपट्टी येते. पहिला स्वस्त आणि बसवायला सोपा. दुसऱ्यात वजन जास्त कमी होतं. पण चेनकेस ही नुसती पेटी नसते, शाफ्ट धरून ठेवणारा आणि चेसिसला ताठपणा देणारा तो एक भाग असतो. पाठपट्टी पातळ असेल, तर जोर आल्यावर ती किंचित वाकते आणि दोन्ही पुल्या एका रेषेत राहत नाहीत. पट्टीची जाडी, चेसिसला लागणारे बोल्ट किती आणि कुठे, हे चित्रात नीट पाहा. मी स्वतः दोन किटमध्ये निवड करायची झाली तर अर्धा किलो जड पण जाड पट्टीचं किट घेईन.

रेषेत असणं किती नेमकं लागतं? दातेरी पट्ट्यासाठी पाव अंशापेक्षा जास्त तिरपेपणा चालत नाही. दोन शाफ्टमधलं अंतर २५० मिलिमीटर असेल तर हा फरक सुमारे १ मिलिमीटर होतो. लांब पोलादी पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडावर लावून तो डोळ्यांनी दिसतो. किटमध्ये शिम (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) आलेले असतील तर समजा की बनवणाऱ्याने प्रत्यक्ष स्लेडवर बसवून पाहिलेलं आहे. ताणासाठी जुनी रीत अशी: दोन पुल्यांमधला पट्ट्याचा मोकळा भाग जेवढा लांब, त्याच्या चौसष्टाव्या भागाइतका तो ठरलेल्या जोराने दबायला हवा. २५६ मिलिमीटरला ४ मिलिमीटर. तो जोर किती ते किटवाल्याने सांगितलेलं असायला हवं. काही जण पट्ट्यावर टिचकी मारून निघणाऱ्या सुराची कंपनसंख्या मोजतात. त्यासाठी उपकरणं मिळतात आणि फोनवरची ॲपही आहेत. जे किट ताण मोजण्याची एकही रीत सांगत नाही आणि ‘हाताला घट्ट लागेल इतका’ एवढंच लिहितं, त्यावर माझा विश्वास बसत नाही. फार घट्ट केलेला पट्टा बेअरिंग खातो, सैल पट्टा दात खातो.

किट वापरलेलं मिळत असेल तर पट्टा हातात घेऊन उजेडात वाचा. एक कड केसाळ झाली असेल तर पुल्या रेषेत नव्हत्या. दातांच्या मुळाशी बारीक चिरा असतील तर धक्क्यांनी थकलेला आहे. दातांवरचं कापड घासून चमकत असेल तर ताण चुकीचा होता. पाठीवर एकच लहानसा खळगा असेल आणि आतला धागा काळ्या टोकासारखा दिसत असेल, तर कधीतरी आत खडा शिरला होता. तो पट्टा किती चालला यावर जाऊ नका, फेकून द्या. पुल्यांचे दातही बघा. अॅल्युमिनिअमच्या पुलीवरचा कठीण थर निघून खालचा मऊ धातू उघडा पडला की नवा पट्टाही लवकर झिजतो.

खडा शिरण्याचा धोका कोणाला जास्त, यावरून किट कोणी घेऊ नये तेही कळतं. रेव्हलस्टोकच्या किंवा कुक सिटीच्या डोंगरात, दोन मीटर बर्फावर फिरणाऱ्या स्लेडला खडे फार भेटत नाहीत. मिनेसोटा, विस्कॉन्सिनच्या ट्रेलवर मार्चमध्ये बर्फ पातळ होतो, रस्ते ओलांडताना ट्रॅक खडी उडवतो. त्यात तासन्‌तास वरच्या गतीने धावायचं असतं, आणि अशा कामाला तेलातली चेन फार गुणी आहे. ट्रेलवर वर्षाला हजारो किलोमीटर करणाऱ्याला मी चेनच ठेवायला सांगेन. गुलमर्गला किंवा सोलंग खोऱ्यात भाड्याच्या स्नोमोबाइलवर बसून आलेले आपल्याकडचे पुष्कळ लोक आहेत. तिथल्या चालकांनाही तेच सांगेन. उघड्या खडकांवरून दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या गाडीला आणि पट्टा परदेशातून मागवावा लागणाऱ्या ठिकाणी चेनला पर्याय नाही.

डोंगरात जाणारे असाल तर विकत घेण्यापूर्वी आणखी दोन चौकशा करा. सुटा पट्टा कोण विकतं, एकटा किटवालाच की बाजारात प्रमाणित मापाने मिळतो? किटवाल्याने धंदा बंद केला तरी बाजारातलं माप चालू राहतं. यामाहाने २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबाइल बनवणं थांबवलं, तेव्हा सुट्या भागांची चिंता काय असते हे अनेकांना कळलं. दुसरी चौकशी वॉरंटीची. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून निर्मात्याला सगळी वॉरंटी नाकारता येत नाही; त्या भागामुळेच बिघाड झाला असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येते. तरी बेल्ट बसवल्यावर ड्राइव्हशाफ्ट तुटला तर वाद होणार हे धरून चाला. कॅनडात हा कायदा लागू नाही, तिथे डीलरकडून लेखी घ्या.

किट बसवायचा दिवस थंड निवडू नका. गरम गराजमध्ये, सगळे भाग धुऊन, टॉर्क पाना हातात घेऊन काम करा आणि जुने सील, बोल्ट परत वापरू नका. काढलेली चेन, स्प्रॉकेट आणि चेनकेस विकू नका, तेल लावून ठेवा. पहिल्या राइडला दूर जाऊ नका. तास-दीड तास चालवून परत या, स्लेड गार होऊ द्या, मग कव्हर उघडून ताण पुन्हा मोजा, कारण नवा पट्टा दातांमध्ये बसला की थोडा सैलावतो. खालच्या पुलीपाशी बर्फाचा दगड झाला आहे का ते पाहा. झाला असेल तर कव्हरच्या भोकांतून बर्फ आत येतोय. ती भोकं बारीक जाळीने झाका, बुजवू नका, कारण आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट लागतेच. उजव्या बाजूच्या दोन्ही बेअरिंगवर हात ठेवा. एक दुसऱ्यापेक्षा ठळक गरम लागत असेल तर पट्टा सोडून पुल्या पुन्हा रेषेत आणा आणि मगच डोंगराची वाट धरा.